सावित्रीच्या मुखावरचे तेरा खलाशी

महाबळेश्वरला गेलेला मराठी माणूस आर्थर सीटवर जातोच, आणि तिथे गेल्यावर त्याला एक गोष्ट ऐकावी लागतेच. गाडीवाला सांगतो, घोडेवाला सांगतो, कणसे भाजणारा सांगतो. आर्थर नावाचा एक गोरा साहेब होता. त्याची बायको आणि तान्ही मुलगी सावित्री नदीत बुडून गेल्या. तेव्हापासून तो या कड्यावर येऊन खालच्या सावित्रीच्या खोऱ्याकडे बघत तासन्‌तास बसे. म्हणून ही त्याची बैठक. गोष्ट संपली की ऐकणारे कठड्यावरून खाली डोकावतात, दरीतल्या धुक्यात नदीचा बारीक धागा शोधतात आणि पुढच्या पॉइंटाकडे निघतात.

या गोष्टीचे दुसरे टोक साठेक किलोमीटर पश्चिमेला, हरिहरेश्वर आणि बाणकोट यांच्यामधल्या खाडीच्या तोंडावर आहे. तिथेही ती सांगितली जाते, पर्यटकांसाठी लिहिलेल्या मजकुरातून छापली जाते, आणि बहुतेक ठिकाणी घटनेचे साल १७९१ दिलेले असते. हे साल चुकीचे आहे. चूक एका आकड्याची असती तर त्यासाठी लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण हे साल दुरुस्त करू लागले की गोष्टीतली माणसे जागा बदलतात, आणि गोष्टीने ज्यांना वगळले आहे ते दिसू लागतात. त्यासाठी आधी ती खाडी पाहिली पाहिजे, आणि ती पायी पाहण्यासारखी आहे. सकाळी हरिहरेश्वराहून निघावे, खाडीच्या उत्तर काठाने बागमांडल्यास जावे, तरीने पलीकडे वेसवीला उतरावे आणि दक्षिण काठाने बाणकोटच्या किल्ल्यावर चढावे. एका दिवसाची चाल आहे. वेळ मात्र घड्याळापेक्षा भरती-ओहोटी पाहून ठरवावी.

याचे प्रत्यंतर पहिल्या तासातच येते. हरिहरेश्वराच्या देवळामागून प्रदक्षिणेचा मार्ग डोंगरावर चढतो, दोन कातळांच्या चिरेतून पायऱ्यांनी खाली उतरतो आणि थेट समुद्रात, म्हणजे समुद्राने कापून सपाट केलेल्या खडकाच्या चौथऱ्यावर, आणून सोडतो. ओहोटी असेल तरच पुढे जाता येते. डाव्या हाताला कड्याची भिंत, आणि तिच्यावर खाऱ्या तुषारांनी कोरलेली मधाच्या पोळ्यासारखी जाळी. गायत्रीतीर्थ, विष्णुपद अशी तीर्थे या चौथऱ्यावरच आहेत. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव, असा दर्शनाचा क्रम आहे. हा देव पेशव्यांचे कुलदैवत. प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटेने ओढून नेलेल्या माणसांच्या बातम्या अधूनमधून येतात, सूचनांचे फलकही आहेत, आणि तरीही भरतीच्या वेळी खडकाच्या टोकावर उभे राहून छायाचित्र काढून घेणारे असतातच. असो.

हरिहरेश्वराच्या डोंगराच्या दक्षिणेला सावित्री समुद्रास मिळते. ती उगम पावते महाबळेश्वरी, कृष्णा, कोयना, वेण्णा आणि गायत्री यांच्या सोबतीने. यांतली कृष्णा पूर्वेकडे वळून अख्खे पठार ओलांडत बंगालच्या उपसागराला जाते. सावित्री कड्यावरून पश्चिमेला कोसळते आणि पोलादपूर, महाड, दासगाव करत सव्वाशे किलोमीटरच्या आतच प्रवास संपवते. समुद्राच्या भरतीचे पाणी उलट दिशेने महाडच्या आसपासपर्यंत चढते. म्हणजे खालचा सगळा टप्पा नदी आणि खाडी या दोन्ही नावांना पात्र आहे, आणि इथले लोक त्याला बाणकोटची खाडीच म्हणतात.

हरिहरेश्वर ते बागमांडले ही तासा-दीड तासाची चाल आहे. बागमांडल्याच्या धक्क्यावर आता मोटारी वाहून नेणारी फेरीबोट येते आणि काही मिनिटांत पलीकडे पोचवते. त्यामुळे ही खाडी किती शतके सरहद्द होती हे लक्षात येत नाही. उत्तर काठ जंजिऱ्याच्या सिद्दीचा. श्रीवर्धन थेट १९४८ सालच्या विलीनीकरणापर्यंत जंजिरा संस्थानात होते. श्रीवर्धनच्या भट घराण्यातल्या बाळाजी विश्वनाथावर सिद्दीची मर्जी फिरली, त्याच्या भावाला पोत्यात घालून समुद्रात बुडवले आणि बाळाजी खाडी उतरून वेळासच्या भानूंच्या आश्रयाला गेला, असे बखरकार सांगतात. पोत्याची हकीकत बखरीची म्हणूनच घ्यावी. पण भट श्रीवर्धनचे, भानू वेळासचे, दोन्ही गावे या खाडीच्या दोन बाजूंना, आणि दोन्ही घराणी बरोबरच घाटावर गेली, हे निर्विवाद आहे. १७१३ साली बाळाजी पेशवा झाला. भानू फडणीस झाले. पुढच्या शतकभराच्या मराठी राजकारणातली दोन महत्त्वाची घराणी एका तरीच्या अंतरावरून आलेली आहेत. वेळासचे नाव आज समुद्रकासवांमुळे लोकांना ठाऊक आहे, त्यात वाईट काही नाही; तरी तिथे जाणाऱ्याने नाना फडणीसांचे मूळ गाव म्हणूनही त्याच्याकडे पाहावे. नानांचे नाव या लेखात पुन्हा येणार आहे.

वेसवीला उतरून पश्चिमेकडे वळले की वाट खाडीला धरून जाते. एका हाताला पाणी आणि खारफुटी, दुसऱ्या हाताला जांभ्याची चढण, मधूनमधून घरे, मशीद, नारळी. बाणकोट हे आज निवांत गाव आहे. एके काळी ते तसे नव्हते. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने तुळाजी आंग्र्याकडून आधी सुवर्णदुर्ग घेतला आणि लगोलग बाणकोटचा हिंमतगड. सुवर्णदुर्ग पेशव्यांना मिळाला, बाणकोट इंग्रजांनी ठेवून घेतले आणि ऑक्टोबर १७५६ च्या तहाने ते त्यांचे कायमचे झाले. बदल्यात त्यांनी जिंकलेला विजयदुर्ग पेशव्यांकडे आला. हिंमतगडाचा ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ झाला. (ही व्हिक्टोरिया म्हणजे राणी नव्हे, तिचा जन्मच १८१९ चा. हा शब्द इथे विजयवाचक आहे.) मराठी मुलखाच्या मुख्य भूमीवर इंग्रजांना मिळालेले हे पहिले कायमचे ठाणे. ते त्यांना का हवे होते, याचे ग्रँट डफने दिलेले एक कारण मजेशीर आहे: जहाजांवरील गोऱ्या खलाशांना गोमांस लागे, आणि हिंदू राज्यात ते मिळणे अवघड होते. तुळाजी आंग्र्याचा पाडाव इंग्रजांच्या मदतीने करण्यात पेशव्यांनी केवढी चूक केली यावर आपल्या इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. त्या व्यवहारात कुलदैवताच्या समोरचा काठ परक्याच्या हाती गेला, हे मात्र क्वचितच कुणी नमूद करते.

पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणचे जिल्ह्याचे ठिकाण काही काळ बाणकोटला होते. १८२२ मध्ये ते रत्नागिरीस हलले. तरी बाणकोटचे महत्त्व लगेच संपले नाही, आणि त्याचे कारण पुन्हा नदीच आहे. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरचा डोंगर अदलाबदलीने घेतला आणि तिथे माल्कम पेठ वसवली. मुंबईच्या साहेबाला उन्हाळ्यात तिथे पोचायचे तर एक मार्ग असा होता: जहाजाने बाणकोट, तिथून होडीने भरतीबरोबर वर महाडच्या बाजूला, पुढे पालखी किंवा घोडा आणि शेवटी रडतोंडीचा घाट. रडतोंडीचे इंग्रजी कागदपत्रांत ‘रोटंडा’ झाले आहे. ज्या घाटाने भल्याभल्यांना रडवले त्याला घुमटाचे नाव मिळाले. मुंबई-पुणे लोहमार्ग पुरा झाला आणि वाईकडून पाचगणीमार्गे चढणारा रस्ता सोयीचा ठरला, तेव्हा हा जलमार्ग मागे पडला. पण तोवर सावित्रीचे मुख हा महाबळेश्वरचा दिंडी दरवाजा होता. एक उच्चपदस्थ इंग्रज कुटुंब या आडगावच्या खाडीत होते याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

आता किल्ल्यावर. चढ मोठा नाही. किल्लाही आटोपशीर, जांभ्या दगडाची तटबंदी, बुरूज, खंदक. तटावर उभे राहिले की दिवसभर चाललेली सगळी वाट समोर मांडलेली दिसते. उजवीकडे आत वळत गेलेली खाडी, समोर पाण्यापलीकडे हरिहरेश्वरचे डोंगर, डावीकडे उघडा समुद्र. आणि या दोहोंच्या मध्ये, खाडीच्या तोंडावर, पाण्याचा रंग बदललेला एक पट्टा. ओहोटीच्या वेळी तिथे लाटा एकाएकी उभ्या राहून फुटताना दिसतात, भोवतालचा समुद्र शांत असला तरी.

ही वाळूची उथळी. नदी गाळ आणि वाळू आणून टाकते, समुद्राच्या लाटा ती परत आत ढकलतात, आणि दोघांच्या झटापटीत मुखाशी वाळूचा आडवा दांडा साचतो. भरतीला त्याच्यावरून होडी सहज निघून जाते. ओहोटी लागली की खाडीत कोंडलेले पाणी वेगाने बाहेर धावते, समोरून येणाऱ्या लाटांवर आदळते, आणि उथळ पाण्यात त्या लाटांना पसरायला जागा नसल्याने त्या उभ्या होऊन कोसळतात. अशा लाटेत आडवी सापडलेली होडी उलटते. म्हणून तांडेल मुखाशी नांगर टाकून पाण्याची वाट पाहतो. उतारू घाई करतात. हे पश्चिम किनाऱ्यावरच्या जवळजवळ प्रत्येक खाडीचे आहे, बाणकोटचे एकटीचे नव्हे.

१८५३ साली या उथळीवर एक होडी बुडाली. तिच्यात मुंबई सरकारच्या सनदी सेवेतील आर्थर मॅलेट याची पत्नी मेरी सोफिया मार्सिया, माहेरची विलोबी, आणि त्यांची मुलगी एलेन हॅरिएट होती. मुलगी बत्तीस दिवसांची होती. आपल्याकडे सव्वा महिना पुरा होईतो बाळंतिणीला उंबरा ओलांडू देत नाहीत. हा हिशेब त्या कुटुंबाला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, पण इथे तो मनात आल्यावाचून राहत नाही. त्यांच्यासह होडीचे तेरा खलाशी बुडाले. मायलेकींचे स्मारक बाणकोटच्या टेकडीवर आहे.

आता १७९१ या सालाकडे वळू. आर्थर मॅलेटचा जन्म १८०६ चा आणि मृत्यू १८८८ चा. १७९१ मध्ये त्याला पत्नी असणे दूरच, त्याच्या आईवडिलांचे लग्नही व्हायचे होते. ते झाले १७९९ मध्ये. १७९१ मध्ये महाबळेश्वरच्या डोंगरावर ना बंगले होते ना पॉइंट. पहिला इंग्रज अधिकारी, जनरल लॉडविक, तिथे चढला १८२४ साली. म्हणजे कोणत्याही बाजूने पाहिले तरी हे साल टिकत नाही, आणि तरीही एकाने लिहिले ते दुसऱ्याने उचलले या न्यायाने ते चालत राहिले आहे.

हे साल आले कुठून? माझा एक तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्यावा. १७९१ हे मॅलेट घराण्याच्या इतिहासात खरोखरच महत्त्वाचे साल आहे: त्या वर्षी आर्थरचा बाप चार्ल्स वॉर मॅलेट याला बॅरोनेट हा किताब मिळाला. मराठी कागदांत ‘मालिट’ म्हणून येणारा पुणे दरबारचा पहिला इंग्रज रेसिडेंट तो हाच. १७८६ ते १७९७ अशी अकरा वर्षे तो सवाई माधवरावाच्या दरबारात कंपनीची वकिली करत होता. सरदेसाईंनी संपादिलेला पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचा एक आख्खा खंड त्याच्या कारकिर्दीला दिलेला आहे. टिपूविरुद्ध १७९० मध्ये झालेला तह त्याने घडवून आणला, आणि त्या दरबाराचे टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये रंगवलेले भले मोठे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. चित्राचा मूळ आराखडा जेम्स वेल्सचा. हा वेल्स पुण्यात राहून पेशव्यांची आणि नानांची चित्रे काढत असे. तो १७९५ मध्ये वारल्यावर त्याच्या मुलीशी, सुझॅनाशी, मॅलेटने लग्न केले. त्यांना आठ मुलगे झाले. त्यांतला एक आर्थर. दुसरा ह्यू, ठाण्याचा कलेक्टर, १८५० मध्ये चौकच्या बाजूने डोंगर चढून ज्याने माथेरान ‘शोधले’ असे म्हणतात. (तिथे आधीपासून राहणाऱ्या धनगर-ठाकरांना ते हरवलेले वाटत नव्हते.) बापाच्या किताबाचे साल मुलाच्या दुःखाला चिकटले असावे, असे मला वाटते.

तर असे आहे. ज्या नाना फडणीसांशी चार्ल्स मॅलेट अकरा वर्षे बुद्धिबळ खेळला, त्यांचे मूळ गाव वेळास बाणकोटच्या किल्ल्याला लागून आहे, आणि त्याच किल्ल्याखालच्या पाण्यात पुढे मॅलेटची सून आणि नात बुडाली. कादंबरीकाराने हे रचले असते तर आपण ओढाताण म्हटली असती. यातून काही दैवी न्याय वगैरे काढण्याचा मोह टाळावा. बत्तीस दिवसांच्या मुलीचा कुठल्याच तहाशी संबंध नव्हता.

राहता राहिली कड्यावरची बैठक. १८८५ च्या सातारा गॅझेटियरने नावाचे कारण साधे दिले आहे: त्या जागी पहिले घर आर्थर मॅलेटने बांधले. त्याआधी जागेचे नाव मढीमहाल होते. दुःखाचा तिथे उल्लेख नाही. अर्थात, पत्नी आणि मुलगी गेल्यावर तो त्या कड्यावर कधी बसलाच नसेल असे कोण म्हणेल? पण त्या घटनेनंतर तो काही वर्षे गव्हर्नरच्या कौन्सिलात होता, पुढे विलायतेस परतला आणि उतारवयात, १८८५ मध्ये, आपल्या घराण्याचा इतिहास लिहून छापला. कड्यावर झिजून गेलेला विरही तो नव्हता. शिवाय तिथून बाणकोटचे मुख डोळ्यांना दिसणे कठीणच; मध्ये साठेक किलोमीटर आणि कोकणचे सारे डोंगर. दिसतो तो सावित्रीचा आरंभ.

तरीही मला लोककथेची कल्पकता नाकारावीशी वाटत नाही. तिने एका नदीची दोन टोके एका माणसाच्या नजरेने जोडली. ज्याने ही कथा प्रथम सांगितली त्याला सावित्री कुठे उगवते आणि कुठे मिळते हे नीट माहीत होते, आणि साहेब लोक खालून होडीने येतात हेही. घाटाखालच्या पालखीवाल्यांत किंवा डोंगरावरच्या बंगल्यांतल्या नोकरांत ती जन्मली असावी, इतकी ती मार्गाला धरून आहे. तिच्याविषयी माझी तक्रार निराळी आहे. ती साहेबाच्या डोळ्यांनी दरीत बघते. ज्या लोकांनी ती रचली, त्यांच्यातलीच तेरा माणसे त्याच होडीत होती. आणि त्यांच्यासाठी कोण कुठे बसून राहिले, याची गोष्ट त्यांनी सांगितली नाही.

हे तेरा जण कोण असतील? या किनाऱ्यावर नावेची कामे कोळी, खारवी, भोई आणि मुसलमान दालदी करत आले आहेत. बाणकोट-वेसवीच्या काठावर हिंदू-मुसलमान दोन्ही वस्त्या आहेत. तेरा माणसे म्हणजे शिडाबरोबर वल्ह्यांचीही होडी, आणि वल्ह्यांवर बहुधा एकाच वाडीतले, एकमेकांच्या नात्यातले लोक. लहान वाडीतून एका वेळी तेरा कर्ते पुरुष जाणे म्हणजे काय, हे कोकणात वेगळे सांगावे लागत नाही. ते साहेबाच्या घाईने गेले की तांडेलाच्या चुकीने, वारा फिरला की उथळी सरकली, याविषयी संख्येतून काहीच कळत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबई ते ठाणे आगगाडी धावली; त्या पहिल्या गाडीला किती डबे आणि किती इंजिने होती, ती किती वाजता सुटली, हे आज शाळकरी पोरही सांगते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला आणि दोन एसटी बसगाड्या आणि इतर वाहने पाण्यात पडली. पुढचे कित्येक दिवस शोध चालला. काही देह खाडीतून वाहत मुखाबाहेर पडले आणि दूरच्या समुद्रकिनाऱ्यांवर सापडले. त्या वेळी वर्तमानपत्रांनी रोज नावे छापली: चालक, वाहक, प्रवासी, गाव, वय. सापडलेल्यांची वेगळी आणि न सापडलेल्यांची वेगळी. नदी तीच, वाहून नेण्याची वाटही तीच. १८५३ च्या होडीच्या बाबतीत मात्र दोन नावे आणि एक आकडा एवढेच पुढे आले.

ती नावे शोधण्याजोगी आहेत. होडी बुडाली ती दोन राज्यांच्या मधल्या पाण्यात, आणि बुडाले ते वरिष्ठ अधिकाऱ्याचे कुटुंब. अशा घटनेत बाणकोटच्या अंमलदाराने रत्नागिरीच्या कलेक्टरला आणि कलेक्टरने मुंबईला लिहावे, जंजिऱ्याच्या नवाबाशीही पत्रव्यवहार व्हावा, अशीच त्या कारभाराची रीत होती. बुडालेल्या खलाशांच्या बायकामुलांना काही देणगी दिली गेली असेल, तर तिच्या हिशेबात नावे आलीच पाहिजेत. पैसे देताना कंपनी सरकार नाव लिहिल्याशिवाय राहत नसे. मुंबईच्या पुराभिलेखागारात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत त्या वर्षांची महसुली आणि राजकीय दप्तरे आहेत. कोकणच्या इतिहासावर काम करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने १८५३ चे आणि त्यापुढच्या वर्षाचे रत्नागिरी आणि जंजिरा यांचे रुमाल मागवावेत. मोडी वाचता येत असेल तर अधिक बरे. खालच्या अंमलदाराचा मूळ मराठी कागद इंग्रजी गोषवाऱ्यामागे जोडलेला सापडण्याचा संभव असतो, आणि गोषवाऱ्यात जे ‘तेरा खलाशी’ असतात ते मूळ कागदात बापाच्या नावासह असतात.